स्कूबाला आलेल्या मुलीचं प्रेम खरं, की पाण्यातली धडधड? (मी गाईड आहे)

कर्लीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. प्रश्न खाजगी आहे म्हणून नवीन आयडी काढून विचारतोय. कोणी ओळखलंच तर गप्प बसा, आमच्या वाडीत बातमी पोचायला मोबाईल लागत नाही.

मी देवबागचा. तारकर्लीच्या पुढे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर. मामाची बोट आहे, तिच्यावर मी स्कूबाचा गाईड. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्याखाली नेतो. ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोहता येत नसलं तरी चालतं, कारण खाली तुम्ही पोहतच नाही. गाईड पाठीवरचा सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो. नाक मास्कमध्ये बंद, श्वास तोंडाने. जन्मापासूनची सवय मोडायची म्हटल्यावर पहिल्या मिनिटाला जवळपास सगळेच घाबरतात. चांगले मिशीवाले गडी माझा हात असा आवळतात की नखांचे वळ उठतात. मग कान मोकळे होतात, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे तोंडासमोर येतात, भीती कमी होते. वर आल्यावर सगळ्यांचा चेहरा एकसारखा. लाल झालेला, डोळे मोठे, हसू थांबत नाही आणि बोलणं तर त्याहून नाही.

नंतर मेसेज येतात. व्हिडिओ पाठवायला नंबर घ्यावाच लागतो. ‘व्हिडिओ मस्त आलाय, थँक्यू दादा’ इथे बहुतेकांचं संपतं. काहींच्या मेसेजमधला ‘दादा’ रात्री दहानंतर गळून पडतो. बोटीवरची जुनी मंडळी म्हणतात, मनावर घेऊ नको, गगनबावडा चढला की उतरतं. आणि खरंच उतरतं. सोमवारी ऑफिस सुरू झालं की निळी टिक पण येत नाही. आता हे सांगताना मी काही हिरो असल्याचा आव आणत नाहीये. आमच्या बोटीवर एक जण आहे, टक्कल आहे, तंबाखू खातो, त्यालाही येतात.

जानेवारीत पुण्याहून एक ऑफिसचा ग्रुप आला. त्यात ती. पाण्यात उतरायला सगळ्यात शेवटी तयार झाली. बोटीवर आम्ही सगळ्यांना खुणा शिकवतो, अंगठा आणि बोटाची गोल चकती म्हणजे ठीक आहे, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. खाली गेल्यावर तिने मासे बघितले आणि अंगठा दाखवला. मी वर नेली. वर येऊन मास्क काढून म्हणते, ‘अहो, मस्त आहे असं सांगत होते, वर कशाला आणलंत?’ परत खाली नेली. परत अंगठा. या वेळी मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि तिचं तिलाच कळलं. पाण्याखाली हसणाऱ्या माणसाच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, ते तिच्याही शिरलं. घाबरली, माझं मनगट धरलं, मी मास्क साफ करायची खूण केली, तिने केलं. एवढंच.

संध्याकाळी मेसेज आला. पण तिचा सोमवारनंतरही आला. फेब्रुवारीत, मार्चमध्ये, शिमग्याला, आंब्याच्या दिवसांत, आता पाऊस लागलाय तरी येतो. बोट किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलीय, पावसाळ्यात आमचा धंदा बंद, तेव्हा बोलायला वेळही आहे. तिच्या घरी स्थळं बघायला लागलेत आणि ती म्हणते, घरी तुझ्याबद्दल सांगते.

आता अडचण. मेच्या शेवटी बोटीवर मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. तिने कॅनडातल्या कुठल्यातरी झुलत्या पुलाचा प्रयोग सांगितला. पुलावर घाबरलेल्या पुरुषांना तिथे भेटलेली बाई जास्त आवडली म्हणे, कारण छातीतली धडधड भीतीची होती आणि त्यांना वाटलं बाईमुळे आहे. ती सहज बोलून गेली, मामा हसला. माझ्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. मला पाण्यात धडधडत नाही, मी रोज एसटीत बसावं तसा पाण्यात उतरतो. म्हणजे मी तरी त्या पुलावर नव्हतो. पण पुण्याची ती होती. मग तिचं खरं कसं धरायचं? उद्या लग्न होऊन देवबागेत आली आणि चार महिन्यांत धडधड थांबली तर?

माहीतगारांनी सांगा. टिंगल करायची असेल तर तीही करा, सवय आहे.

---

रापणकर

बाबू, एकदा आमची होडी वादळात गावली. तांडेलान सुखरूप किनाऱ्याक आणली तेव्हा मी तेका घट्ट मिठी मारलंय. म्हणान काय तेच्याशी लगीन करूचा होता? तांडेल साठ वर्षांचो, तेची बायल विळो घेवन इली असती.

तुझा कायव नाय. तिका आषाढात देवबागेत घेवन ये. वीज गेलेली, न्हाणीघरात बेडकी, आवशीन सकाळी सातांक कामाक लावलली. तरी हसली तर मगे बघ.

---

संगमेश्वरी

टिंगल नाही करत, स्वतःचंच सांगते. आमच्याकडे शिमग्याला पालखी नाचवतात. ढोल-ताशे सुरू झाले की बाजूला उभं राहिलेल्याच्या बरगड्यासुद्धा वाजतात. पालखी खांद्यावर घेऊन नाचणारा एक मुलगा होता, मुंबईहून सणाला आलेला. गुलाल, घाम, मागे होमाचा उजेड. मी कॉलेजात होते. तीन रात्री जेवण गेलं नाही.

मग तो पाचव्या दिवशी आमच्याच पडवीत वडिलांशी बोलायला आला. जमिनीच्या सातबाऱ्यावरून. तासभर. त्याचं बोलणं ऐकून माझं जेवण पूर्ववत झालं.

म्हणजे माझा मुद्दा असा की ढोल नसताना तो माणूस दिसायला हवा. तुम्ही दोघं इतके महिने बोलताय, त्यात सातबाऱ्याच्या गप्पा किती आणि समुद्राच्या किती ते सांगा.

---

वेंगुर्ल्याच्या बाई

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. वेंगुर्ल्यात पाऊस एवढा आहे की दुसरं काम नाही, त्यामुळे लांबलचक लिहिते. कर्लीकाठ, तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस, माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे असायचे.

त्या मुलीने सांगितलेला प्रयोग खरा आहे, पण तो चहाबरोबर सांगण्याएवढा सोपा नाही. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ऍरन यांनी तो प्रसिद्ध केला. जागा व्हँकुव्हरजवळचा कापिलानो नदीवरचा झुलता पूल. पाच फूट रुंद, साडेचारशे फूट लांब, खाली २३० फुटांवर खडक आणि खळाळतं पाणी. कोकणातल्या माणसाला अंदाज यावा म्हणून सांगते, रत्नागिरीजवळचा आपल्या रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. कापिलानो त्याहूनही थोडा उंच, शिवाय हलणारा आणि कठडे कमरेच्या खाली.

पुलावर आलेल्या एकट्या पुरुषांना एक तरुणी गाठायची, कागदावरचे थोडे प्रश्न विचारायची आणि एका चित्रावर छोटी गोष्ट लिहायला सांगायची. मग कागदाचा कोपरा फाडून त्यावर आपलं नाव आणि नंबर द्यायची, प्रयोगाबद्दल जास्त विचारायचं असेल तर फोन करा म्हणून. तेच सगळं दुसऱ्या एका भक्कम लाकडी पुलावर, जो ओढ्यापासून जेमतेम दहा फूट वर होता. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी दोघांनी. कोणता फोन कुठल्या पुलावरचा ते कळावं म्हणून ती एका पुलावर स्वतःचं नाव ग्लोरिया सांगायची आणि दुसऱ्यावर डोना. गोष्टींमध्येही फरक दिसला, झुलत्या पुलावरच्यांनी लिहिलेल्यात शृंगार जास्त होता. प्रश्न विचारणारा पुरुष असला की हे काही घडत नव्हतं.

यामागची कल्पना त्याआधीची, १९६२ सालच्या शॅक्टर आणि सिंगर यांच्या कामातली. शरीर धडधडतं, पण कशासाठी ते शरीर सांगत नाही. घाबरल्यावर, जिना चढल्यावर, रागावल्यावर, आवडतं माणूस समोर आल्यावर, सगळ्यात ऍड्रिनॅलिन असतं, तळहात ओले होतात, बाहुल्या मोठ्या होतात. मग मन आजूबाजूला बघून त्याला नाव देतं. त्यांनी लोकांना जीवनसत्त्वाचं म्हणून ऍड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं होतं आणि खोलीत कधी खिदळणारा, कधी चिडलेला माणूस बसवला होता. आपल्याला काय होणार आहे हे ज्यांना सांगितलं नव्हतं, ते त्या माणसाच्या मूडकडे ओढले गेले. हा प्रयोग पुढे १९७९ मध्ये दोन ठिकाणी पुन्हा करून बघितला तेव्हा तसाच निघाला नाही, म्हणून मी वर्गात त्यावर फार भर द्यायची नाही.

तुझ्यासाठी मला जास्त कामाचा वाटतो तो कँटर, झिलमन आणि ब्रायंट यांचा १९७५ चा प्रयोग. त्यांनी लोकांना सायकल मारायला लावली आणि मग वेगवेगळ्या वेळी शृंगारिक चित्रफितीचे तुकडे दाखवले. व्यायाम नुकताच संपलेला असताना परिणाम नाही, कारण माणसाला माहीत असतं की मी सायकलमुळे धापा टाकतोय. शरीर पूर्ण शांत झाल्यावरही नाही. परिणाम दिसला तो मधल्या वेळेत, जेव्हा माणसाला वाटत होतं की मी आता ठीक आहे आणि शरीर मात्र अजून उतरलेलं नव्हतं. उरलेली धडधड मग समोरच्या गोष्टीच्या नावावर जमा होते.

आता तुझी बोट डोळ्यांसमोर आण. खाली असताना तिला पक्कं माहीत असतं की आपण समुद्राला घाबरलोय. बोटीवर सिलिंडर उतरवला, टॉवेल घेतला, कोणीतरी हातात चहा दिला, ‘हुश्श, झालं बाई’ म्हणाली. नेमका त्याच वेळी तू मोबाईल काढतोस आणि विचारतोस, व्हिडिओ कोणत्या नंबरवर पाठवू? तुझ्या टकल्या मित्रालाही मेसेज का येतात, त्याचं उत्तर यात असावं.

नवविवाहित जोडपी तुमच्याकडे खूप येतात ना? त्यांच्यातल्या कोणाचे असे मेसेज येतात का, आठवून सांग. सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिक यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या करमणूक उद्यानांत रोलर कोस्टरवरून उतरणाऱ्यांना आणि चढण्यासाठी रांगेत थांबलेल्यांना फोटो दाखवले. मित्राबरोबर बसून आलेल्यांना फोटोतली व्यक्ती जास्त आकर्षक वाटली. स्वतःच्या जोडीदाराबरोबर बसून आलेल्यांत तो फरक मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र ती मानसशास्त्र शिकणारी मुलगी बोटीवर सांगायची विसरली. १९८१ मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी पुरुषांना जागच्या जागी पळायला लावलं, काहींना १५ सेकंद, काहींना दोन मिनिटं. मग एका बाईची चित्रफीत दाखवली. तीच बाई, एकदा छान तयार होऊन आणि एकदा मुद्दाम अनाकर्षक करून. जास्त पळालेल्यांना छान दिसणारी जास्त आवडली, आणि अनाकर्षक दिसणारी कमी पळालेल्यांपेक्षाही कमी आवडली. म्हणजे धडधड शून्यातून आवड तयार करत नाही, असलेल्या कलाला जोर देते. नावड असेल तर नावडीलाही. त्या दिवशी तिला तू आगाऊ वाटला असतास तर समुद्राने तुला आणखी आगाऊ केलं असतं.

---

दुसरी बाजू

बाईंनी छान लिहिलंय, पण पुलाच्या प्रयोगावर माझा तेवढा विश्वास नाही. पहिली गोष्ट, झुलत्या पुलावर मुद्दाम जाणारे आणि ओढ्यावरून साधे चालत जाणारे, हे एकाच स्वभावाचे लोक कशावरून? धाडसी माणूस अनोळखी बाईलाही बिनधास्त फोन करेल. दुसरी, केनरिक आणि सियाल्डिनी यांनी १९७७ मध्येच म्हटलं होतं की यात चुकीचं नाव देण्याचा भाग कमी असावा. माणूस घाबरलेला असतो, शेजारी शांत माणूस उभा असतो, त्याच्यामुळे भीती ओसरते. भीती घालवणारा माणूस आवडणं यात गैरसमज कसला? लहान मूल अंधारात आईला बिलगतं तेव्हा त्याला कोणी सांगत नाही की तुझं ऍड्रिनॅलिन आहे.

कर्लीकाठ, तुझ्या गोष्टीत हेच जास्त बसतं असं मला वाटतं. तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं तेव्हा तू मनगट सोडवून घेतलं नाहीस आणि घाईने वरही नेलं नाहीस. तिच्याकडूनच करून घेतलंस. मला बायको म्हणून कोणी निवडलं असतं तर या कारणासाठी निवडलेलं आवडलं असतं.

(मी पुरुष आहे. वाक्य तसंच राहू दे.)

---

वेंगुर्ल्याच्या बाई

स्वभावाची शंका डटन आणि ऍरन यांनाही आली होती. म्हणून त्याच झुलत्या पुलावर पुन्हा प्रयोग केला, फक्त एका गटाला पुलावर गाठलं आणि दुसऱ्याला पूल ओलांडून दहा मिनिटं तरी झाल्यावर, बागेत टेकलेलं असताना. दोन्ही गट झुलत्या पुलाचेच. तरी पुलावरच्यांनी जास्त फोन केले.

भीती ओसरल्याच्या सुखाचा तुमचा मुद्दा मात्र अजून जिवंत आहे. १९९८ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की धडधडीचं कारण माणसाला स्पष्ट माहीत असलं तरी आकर्षण थोडं वाढतंच, कारण माहीत नसताना जास्त. म्हणजे चुकीचं नाव देणं हे अर्धंच उत्तर.

---

ठाण्याची पर्यटक

मी गाईडच्या नाही, पर्यटकाच्या बाजूची. ट्रेकला नेणाऱ्या एका मुलाच्या प्रेमात होते, दोरावरून उतरताना पडलेले. दीड वर्ष टिकलं. नंतर तुटलं ते धडधड थांबली म्हणून नाही. तो शनिवार-रविवार कायम डोंगरात आणि माझी सुट्टी शनिवार-रविवारच. भेटायचं कधी? हा प्रश्न कुठल्याच प्रयोगात नव्हता.

दादा, म्हणजे कर्लीकाठ, खरं विचारते. पुण्यात ती नोकरी करते. लग्नानंतर ती देवबागेत राहणार की तुम्ही पुण्यात? देवबागेत राहिली तर तिच्या नोकरीचं काय? ऑक्टोबर ते मे तुम्ही दिवसभर बोटीवर, संध्याकाळी थकून आडवे. शिवाय रोज नव्या बायकांना व्हिडिओ पाठवायला नंबर घेणार. हे तिच्याशी बोललात का? प्रेम कुठून आलं यावर तुम्ही एवढे विचार करताय, आणि ते राहणार कुठे त्यावर एक ओळ नाही.

---

कर्लीकाठ

सगळ्यांचे आभार. रापणकर, तुमची कमेंट आवशीक वाचून दाखवली, ती म्हणाली बेडकीचं खोटं आहे.

बाई, नवविवाहितांचा प्रश्न वाचून जुने चॅट बघितले. जोडप्यांचे मेसेज व्हिडिओ आणि ‘हॉटेल कुठलं चांगलं’ एवढेच. रोलर कोस्टरची गोष्ट मामाला सांगितली, मामा म्हणाला यात अमेरिकेला जायची काय गरज होती.

संगमेश्वरी ताई, समुद्राच्या गप्पा पहिला महिनाभर. नंतर तिच्या ऑफिसातल्या मॅनेजरचे किस्से, तिच्या आजीचा गुडघा, माझ्या धाकट्या बहिणीचं बारावीनंतर काय करायचं. परवा तर अर्धा तास आम्ही गॅस सिलिंडरच्या नोंदणीवर भांडलो. सातबारा अजून निघालेला नाही, तो आमच्याकडे चुलत्यांच्या नावावर आहे आणि तो विषय कोणीच काढत नाही.

ठाण्याच्या ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. नंबर घेण्याचं तिने आधीच विचारलं होतं. तिचं म्हणणं, व्हिडिओ मामाच्या नंबरवरून पाठव. राहण्याचं मात्र खरंच बोललो नव्हतो. आता बोललो. तिचं काम आठवड्यातून तीन दिवस घरून चालतं, पण देवबागेत पावसात नेटवर्क कसं असतं ते तिला माहीत नाही, मला माहीत आहे. मालवणात खोली घ्यायचा विषय निघाला. मालवण बारा-तेरा किलोमीटर, तेवढं मी जाऊन-येऊन करू शकतो. ठरलं काही नाही.

आणि पुलाचा प्रयोगही तिला सांगितला. मला वाटलं विचारात पडेल. भडकली. म्हणाली, ‘बोटीवर आम्ही एवढे जण होतो, प्रत्येकाला एकेक गाईड होता, सगळेच घाबरले होते. मग बाकीचे का नाही पडले प्रेमात? आमच्या टीममधली एक तर पाण्यात रडली, तिला तिच्या गाईडचं तोंडसुद्धा आठवत नाही. आणि तुला पाण्यात धडधडत नाही ना, मग माझा मेसेज आला की दोन मिनिटांच्या आत निळी टिक कशी येते? ते कुठल्या पुलावरचं?’

याला उत्तर असेल तर द्या.

---

दुसरी बाजू

नाही. लग्न करा.

---

वेंगुर्ल्याच्या बाई

तिचं गणित चोख आहे. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी फोन केलाच नाही, तेही त्याच पुलावर, त्याच वाऱ्यात उभे होते. आपण शिकवताना फोन करणारे नऊच सांगतो. आणि ज्यांनी केला त्यांचं पुढे काय झालं हे मोजणं त्या प्रयोगात नव्हतंच, फोन आला की मोजणी संपली. पहिल्या दिवशी कोणाला कोण का आवडलं एवढ्यापुरता तो आहे. जानेवारीतलं ऍड्रिनॅलिन बोट मालवणच्या धक्क्याला लागेपर्यंत तिच्या रक्तातून गेलं असेल. जूनमध्ये गॅस सिलिंडरवरून भांडणारी मुलगी कशाच्या जोरावर भांडते, ते तो पूल नाही सांगू शकत.

तू मात्र स्वतःला फार लवकर मोकळं करून घेतलंस. ‘मी पुलावर नव्हतो’ म्हणालास. पाण्यात नसशील, पण रोज कितीतरी लोक तुझ्या हातावर विसंबून खाली जातात आणि वर येऊन तुझं कौतुक करतात, त्याचीही माणसाला चढते. ती मुलगी तुला बोटीशिवाय कधी भेटलीय? वेटसूट नाही, मामा नाही, समुद्र नाही, तुला रस्ते माहीत नाहीत आणि तिला माहीत आहेत, असं? तिथे तू कसा वागतोस ते तिने बघायला हवं, आणि तूही. तिला आषाढात देवबागेत आणण्याआधी तू पुण्याला जा.

आणि लग्न झालंच तर बोट सोडू नका. त्याच आर्थर ऍरननी २००० साली जोडप्यांचे हातपाय पट्ट्यांनी एकमेकांना बांधून त्यांना गाद्यांवरून रांगायला लावलं होतं, उशीसारखी वस्तू हात न लावता नेत. असं काहीतरी नवं, धांदलीचं केलेल्या जोडप्यांना त्यानंतर आपलं नातं जास्त चांगलं वाटलं, साधं काम दिलेल्यांपेक्षा. म्हणजे धडधड काही शत्रू नाही.

---

रापणकर

पट्टे कित्याक बांधूक होये? दोघांनी मिळान रापण ओढूची. नातापण घट्ट होता आणि सांजच्या कालवणाकव गावता.

---

कर्लीकाठ

बाई, बोटीशिवाय कधीच भेटलो नाही, खरं आहे. पुढच्या शुक्रवारची मालवण-पुणे एसटी काढलीय, रात्रीची. ती स्वारगेटला घ्यायला येणार. शनिवारी बाहेर कुठेतरी भेटायचं, रविवारी तिच्या घरी जेवायला. वडील मासे खात नाहीत हे कालच कळलं.

आवस म्हणते सोलं, काजूगर आणि घरचा कोकमाचा आगळ घेऊन जा. मामा म्हणतो एवढं नेलंस तर बघायला आलास असं वाटेल. काय नेऊ?

---

संगमेश्वरी

आगळ ने. बाटली दोन पिशव्यांत बांध, स्वारगेटला उतरून पँट लाल झालेली मी पाहिलीय. काजूगर सुके ने, पावसात ओले मिळणार नाहीत. आणि गाईडसारखं पुढे पुढे चालू नकोस तिथे, तिच्या मागून चाल.